यूव्ही आणि पेरॉक्साइडने पाण्यातली औषधं मोडण्याची चाचणी: तयारी, क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

शुद्ध पाण्यात औषध टाकायचं, वर यूव्ही दिवा लावायचा, अर्ध्या तासात ९९ टक्के औषध गायब. असे निकाल प्रबंधांत आणि प्रकल्प अहवालांत सर्रास दिसतात. तोच दिवा सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या पाण्यावर लावला की आकडा निम्म्यावर येतो आणि खापर दिव्यावर फुटतं. बहुतेक वेळा दिव्याचा दोष नसतोच. औषध कशात विरघळवलं, प्रकाश कसा मोजला आणि पाण्यात आणखी काय होतं, या तीन ठिकाणी गडबड झालेली असते.

हा लेख प्रयोगशाळेतल्या चाचणीपुरता आहे: २५४ नॅनोमीटरचा कमी दाबाचा पारा-दिवा, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि जैविक प्रक्रिया झालेलं सांडपाणी. औषधं दोन घेतली आहेत, डायक्लोफेनॅक (वेदनाशामक) आणि कार्बामाझेपिन (अपस्मारावरचं औषध). डायक्लोफेनॅक नुसत्या २५४ च्या प्रकाशानेही झपाट्याने मोडतं. कार्बामाझेपिन तो प्रकाश शोषतं, पण मोडत जवळजवळ नाही. त्याला प्रकाशाने पेरॉक्साइडपासून तयार होणारे हायड्रॉक्सिल रॅडिकलच (क्षणभरच टिकणारे, अतिशय क्रियाशील कण) लागतात. म्हणून ही जोडी एकाच भांड्यात असली की प्रकाश कमी पडला की रॅडिकल कमी पडले, हे वेगवेगळं कळतं.

डोसचं एकक मिलीज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर आहे. पुढे नुसतं 'मिज्यू' लिहिलं आहे.

टप्पा १: आधी डोळे आणि हात

२५४ चा प्रकाश डोळ्यांना जाणवत नाही. दिव्याची फिकट निळसर झाक दिसते ती वेगळ्या तरंगलांबीची. डोळे आणि कातडीसाठी वर्षानुवर्षं वापरात असलेली आठ तासांची मर्यादा ६ मिज्यू आहे. ०.५ मिलीवॅट प्रति चौ. सेंमी तीव्रतेच्या बीमखाली (दिव्यातून नळीवाटे खाली येणाऱ्या झोताखाली) ती १२ सेकंदांत संपते. पूर्ण चेहरा झाकणारी यूव्ही ढाल, लांब बाह्यांचा कोट आणि नायट्राइल हातमोजे हवेत. हातमोजा आणि बाही यांच्यामधलं मनगट उघडं राहतं आणि भाजतं नेमकं तिथेच.

दिवा विकत घेताना 'ओझोन-मुक्त' प्रकार मागा. साध्या क्वार्ट्झच्या दिव्यातून १८५ नॅनोमीटरही बाहेर पडतो. त्याने हवेत ओझोन होतो आणि चाचणीत एक जास्तीची अभिक्रिया शिरते.

इशारा: फुटलेल्या दिव्यात पारा असतो. झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. खिडक्या उघडा, तुकडे जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बरणीत ठेवा आणि घातक कचऱ्यात द्या.

टप्पा २: पाणी आणणं आणि ओळखणं

नमुना जैविक प्रक्रियेनंतर, पण क्लोरीन टाकण्याआधी घ्या. मुक्त क्लोरीन पेरॉक्साइडलाही खातं आणि डायक्लोफेनॅकलाही. काचेच्या बाटल्या काठोकाठ भरा, बर्फातून आणा, ४ अंशांवर ठेवा आणि ४८ तासांत वापरा. चाचणीआधी पाणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग ०.४५ मायक्रॉनमधून गाळा. प्रत्यक्ष केंद्रात गाळणी नसेल, तर न गाळलेल्या पाण्याची एक फेरी वेगळी करा.

गाळल्यावर पाच गोष्टी मोजायच्या: पीएच, २५४ वरचा ॲब्सॉर्बन्स (पाणी तो प्रकाश किती अडवतं याचा आकडा), विरघळलेला सेंद्रिय कार्बन, अल्कलिनिटी आणि नायट्राइट. पहिल्या चार सगळेच मोजतात. पाचवी सुटते आणि चाचणी बहुधा तिनेच बिघडते.

कारण समजायला एक हिशेब हवा. हायड्रॉक्सिल रॅडिकल औषधाची वाट पाहत थांबत नाही. समोर येईल त्याच्याशी भिडतो. पाण्यातला प्रत्येक घटक दर सेकंदाला किती रॅडिकल गिळू शकतो, याची बेरीज मांडायची. घटकाची मात्रा गुणिले त्याचा वेग-स्थिरांक (तो रॅडिकलशी किती वेगाने भिडतो याचा आकडा), असा हा हिशेब. उदाहरणाचं पाणी असं धरू, सगळ्या मात्रा लिटरमागे:

- सेंद्रिय कार्बन ८ मिग्रॅ प्रति लिटर, वेग-स्थिरांक सुमारे २५ हजार प्रति मिग्रॅ: २ लाख
- अल्कलिनिटी २५० मिग्रॅ, म्हणजे बायकार्बोनेट ५ मिलीमोलर, स्थिरांक ८५ लाख: ४२,५००
- पेरॉक्साइड १० मिग्रॅ, म्हणजे ०.२९४ मिलीमोलर, स्थिरांक २.७ कोटी: सुमारे ७,९००
- कार्बामाझेपिन २०० मायक्रोग्रॅम, स्थिरांक सुमारे ८८० कोटी: सुमारे ७,५००

बेरीज सुमारे २.५८ लाख प्रति सेकंद. म्हणजे शंभर रॅडिकल तयार झाले, तर कार्बामाझेपिनच्या वाट्याला जेमतेम तीन येतात.

आता यात फक्त १ मिग्रॅ नायट्राइट-नायट्रोजन घाला. त्याचा स्थिरांक सुमारे १,००० कोटी आहे. एवढंसं नायट्राइट एकटंच ७.१ लाखांची भर घालतं, बाकी सगळ्यांच्या जवळपास तिप्पट. प्रक्रिया केंद्रात नायट्रीकरण (जीवाणूंनी अमोनियाचं नायट्रेट करणं) अर्धवट राहिलं की नायट्राइट साचतं. त्या आठवड्यातला नमुना आणि पुढच्या आठवड्यातला नमुना यांचे निकाल मग एकमेकांशी जुळत नाहीत. हवा कमी पडली होती का, हे केंद्रातल्या ऑपरेटरला विचारा.

तपासणी: पीएच ८.३ च्या वर असेल तर बायकार्बोनेटचा काही भाग कार्बोनेट झालेला असतो. कार्बोनेट सुमारे ४५ पट वेगाने रॅडिकल गिळतं. पीएच नोंदवल्याशिवाय अल्कलिनिटीच्या आकड्यावर विसंबू नका.

टप्पा ३: औषधाचा स्टॉक (साठ्याचं दाट द्रावण). मेथॅनॉल नको

या विषयात सर्वांत जास्त निकाल ज्या चुकीने वाया जातात, ती हीच. कार्बामाझेपिन पाण्यात सावकाश विरघळतं, म्हणून मेथॅनॉलमध्ये स्टॉक करतात आणि लिटरमागे १ मिली टाकतात. '०.१ टक्काच तर आहे' असं वाटतं. पण १ मिली मेथॅनॉल म्हणजे ०.७९ ग्रॅम, लिटरमध्ये सुमारे २४.७ मिलीमोलर. त्याचा स्थिरांक ९७ कोटी. गुणाकार २.४ कोटी प्रति सेकंद येतो. वरच्या उदाहरणातलं अख्खं सांडपाणी २.५८ लाख गिळत होतं, हा एक मिली त्याच्या नव्वद पटींहून जास्त गिळतो. मग तुमची चाचणी मेथॅनॉलच्या ऑक्सिडीकरणाची होते. लिटरमागे १०० मायक्रोलिटरवर आणलं तरी ते सांडपाण्याच्या नऊ पट राहतं. ॲसिटोनायट्राइल त्यापेक्षा सौम्य आहे, पण तेही टाळलेलं बरं.

योग्य पद्धत:

१. कार्बामाझेपिन १० मिग्रॅ आणि डायक्लोफेनॅक सोडियम १०.७ मिग्रॅ वजन करा. सोडियम क्षाराचा रेणुभार ३१८.१, मूळ आम्लाचा २९६.२, म्हणून हा फरक.
२. एक लिटर शुद्ध पाण्यात टाका. तपकिरी बाटलीत किंवा फॉइल गुंडाळून रात्रभर मॅग्नेटिक स्टररवर ठेवा. अल्ट्रासॉनिक बाथमध्ये १५ मिनिटं दिली तर आणखी चांगलं.
३. आम्ल घालू नका. डायक्लोफेनॅकचा पीकेए (ज्या पीएचला ते निम्मं आम्लरूपात असतं तो आकडा) सुमारे ४ आहे. आम्लात ते बाहेर पडतं आणि बाटलीच्या कडेला चिकटतं.
४. सकाळी बाटली उजेडाकडे धरून पाहा. तळाशी सुईसारखे बारीक कण चमकत असतील तर विरघळलेलं नाही. तो स्टॉक गाळून वापरू नका, आणखी ढवळा.
५. ४ अंशांवर अंधारात ठेवा, आठवडाभरात संपवा.

प्रमाणद्रव्य मेथॅनॉलच्या ॲम्प्युलमध्येच मिळालं असेल, तर हवं तेवढं रिकाम्या फ्लास्कमध्ये घ्या, नायट्रोजनच्या मंद झोताखाली मेथॅनॉल पूर्ण उडवा, मग पाणी घालून ढवळा.

एक लिटर गाळलेल्या सांडपाण्यात या स्टॉकचे २० मिली घातले की प्रत्येक औषध सुमारे २०० मायक्रोग्रॅमवर येतं. 'एचपीएलसीवर (औषधं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर) छान पीक (आलेखातला उंचवटा) येतो' म्हणून २० मिग्रॅवर जाऊ नका. २० मिग्रॅ कार्बामाझेपिन २५४ वर एका सेंटिमीटरला सुमारे ०.५ ॲब्सॉर्बन्स देतं. औषध स्वतःच प्रकाश अडवतं, आलेख वाकडा येतो आणि मिळालेला वेग कोणत्याही खऱ्या पाण्याला लागू पडत नाही.

टप्पा ४: बीम उभी करणं

दिवा आडव्या पेटीत, खाली मॅट काळ्या रंगाची नळी, तिच्याखाली स्टररवर ९ सेंमी व्यासाची सपाट तळाची काचेची डिश. दिव्यापासून पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत ३० सेंमी अंतर चालतं. मधे कोणतीही काच किंवा ॲक्रिलिक येऊ देऊ नका. बोरोसिलिकेट आपल्या डोळ्यांना स्वच्छ दिसते, पण २५४ तिच्यातून जात नाही. झाकण लागणारच असेल तर क्वार्ट्झचंच.

दिव्याला किंवा क्वार्ट्झला बोट लागलं की इथेनॉलने पुसा. घामाचा ठसा तापून कायमचा बसतो. वीज खाली-वर होत असेल तर स्टॅबिलायझर लावा. दिवा ३० मिनिटं आधी सुरू करा आणि दिवसभर बंद करू नका. डिश सरकवताना दिवा विझवण्याऐवजी शटर वापरा.

डिशमध्ये १०० मिली पाणी घ्या. क्षेत्रफळ ६३.६ चौ. सेंमी, म्हणून खोली १.५७ सेंमी. स्टर बार छोटा आणि वेग मंद ठेवा. पृष्ठभागाला खळगा पडला तर खोलीचा हिशेब चुकला.

टप्पा ५: प्रकाश मोजणं

'४० वॅटचा दिवा, ३० मिनिटं' हे मोजमाप नाही. दिव्याच्या वॅटपैकी किती प्रकाश पाण्यात शिरला, ते त्यातून कळत नाही.

रेडिओमीटर २५४ साठी कॅलिब्रेट केलेला हवा. सेन्सरचा मापनपृष्ठ जिथे पाण्याचा पृष्ठभाग असणार, बरोबर त्या उंचीवर ठेवा. ३० सेंमीवर एक सेंटिमीटरची चूक झाली तर आकडा ६-७ टक्क्यांनी बदलतो. सेन्सर नुसता टेबलावर ठेवून घेतलेलं माप निरुपयोगी.

मध्यबिंदूचा आकडा घेतल्यावर डिशच्या दोन्ही अक्षांवर दर अर्ध्या सेंटिमीटरला माप घ्या. सरासरी भागिले मध्यबिंदू म्हणजे पेट्री घटक. तो ०.९ च्या खाली आला तर दिवा किंवा नळी तिरकी आहे. आधी ती सरळ करा.

मग रेडिओमीटरची उलटतपासणी रसायनाने करायची. आयोडाइड-आयोडेट द्रावण यासाठी उत्तम, कारण खोलीतल्या दिव्यांच्या उजेडाने ते बिघडत नाही. १०० मिलीसाठी ०.३८ ग्रॅम बोरॅक्स, २.१४ ग्रॅम पोटॅशियम आयोडेट, ९.९६ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड, याच क्रमाने. द्रावण त्याच दिवशी करा. ते पिवळसर दिसत असेल तर आयोडाइड जुनं आहे.

हेच १०० मिली त्याच डिशमध्ये ६० सेकंद बीमखाली ठेवा आणि ३५२ नॅनोमीटरवर आधीचा व नंतरचा ॲब्सॉर्बन्स घ्या. मध्यबिंदूवर ०.५० मिलीवॅट, पेट्री घटक ०.९३ आणि परावर्तन घटक (पृष्ठभागावरून परत न फिरता आत शिरणारा प्रकाशाचा वाटा) ०.९७५ असेल, तर पाण्यात सुमारे २८.८ मिलीवॅट शिरतात. एका आइन्स्टाइनमागे (एक मोल प्रकाशकणांमागे) ४७१ किलोज्यूल, क्वांटम यील्ड (शोषलेल्या एका प्रकाशकणामागे तयार होणारे रेणू) सुमारे ०.७३ आणि ट्रायआयोडाइडचा मोलर शोषण स्थिरांक २७,६०० धरला तर ॲब्सॉर्बन्समध्ये ०.७४ ची वाढ दिसायला हवी.

तपासणी: फरक १० टक्क्यांच्या आत असेल तर पुढे जा. यील्ड सुमारे २१ अंशांसाठीचं आहे आणि अंशामागे सुमारे २ टक्क्यांनी वाढतं. मे महिन्यात विनावातानुकूलित खोलीत ३२ अंशांवर द्रावण असेल, तर वीस-बावीस टक्क्यांचा फरक नुसत्या उकाड्याने पडतो. द्रावणातच थर्मामीटर बुडवून तापमान लिहा.

टप्पा ६: डोसवरून वेळ काढणं

पाण्यात प्रकाश खोलीनुसार मंदावतो, म्हणून पृष्ठभागाचा आकडा थेट वापरायचा नाही. आपल्या पाण्याचा ॲब्सॉर्बन्स ०.१४५ आहे, म्हणजे एका सेंटिमीटरमधून सुमारे ७२ टक्के प्रकाश पार जातो. त्यात पेरॉक्साइडचे ०.००५५ आणि कार्बामाझेपिनचे ०.००५ मिळवा: ०.१५६. डायक्लोफेनॅकची भरही साधारण तेवढीच लहान आहे. औषध आणि पेरॉक्साइड घातलेल्या पाण्याचाच ॲब्सॉर्बन्स मोजला तर हा प्रश्नच उरत नाही.

- जल घटक: ०.१५६ × १.५७ = ०.२४५. (१ वजा १० चा उणे ०.२४५ वा घात) ÷ (०.२४५ × २.३०३) = ०.७६४
- अपसरण घटक (खोल जाताना झोत पसरतो त्याचा): ३० ÷ (३० + १.५७) = ०.९५०
- सरासरी तीव्रता: ०.५० × ०.९३ × ०.९७५ × ०.९५० × ०.७६४ = ०.३२९ मिलीवॅट प्रति चौ. सेंमी

यावरून १५० मिज्यूसाठी ७ मिनिटं ३६ सेकंद, ३०० साठी १५ मिनिटं १२ सेकंद, ६०० साठी ३० मिनिटं २३ सेकंद, १,२०० साठी तासाला थोडं वर. हे घटक न लावता ०.५० नेच भागलं, तर ६०० साठी २० मिनिटं येतात. त्या वेळात खरा डोस ३९५ मिज्यूच मिळतो आणि तुम्ही अहवालात ६०० लिहिता.

निर्जंतुकीकरणाला ४० मिज्यू पुरतात, ही सवय इथे विसरायची. औषधं मोडायला शेकड्यांत, कधी हजारांत जावं लागतं.

टप्पा ७: पेरॉक्साइड

बाटलीवर ३० टक्के लिहिलेलं असतं, पण वजन-आकारमान की वजन-वजन, ते वाचा. पहिल्यात लिटरला ३०० ग्रॅम, दुसऱ्यात सुमारे ३३३. उघडून वर्ष झालेल्या बाटलीत यापैकी कोणताच आकडा खरा असेल असं धरू नका.

१०० मिली पाण्याला लिटरमागे १० मिग्रॅची मात्रा द्यायला थेट बाटलीतून ३.३ मायक्रोलिटर लागतील. एवढं अचूक घेणं अवघड. म्हणून १ मिली पेरॉक्साइड ३०० मिली शुद्ध पाण्यात पातळ करा. ते लिटरला सुमारे १ ग्रॅम होतं, त्यातला १ मिली डिशला पुरतो. पातळ द्रावण २४० नॅनोमीटरवर तपासा: मोलर शोषण स्थिरांक ४३.६ धरून १ ग्रॅमला १.२८ यायला हवा. रोज सकाळी नवं करा.

'दुप्पट पेरॉक्साइड, दुप्पट वेग' हे काही अंतरापर्यंतच खरं आहे. पेरॉक्साइड स्वतःही रॅडिकल गिळतं. ५, १०, २० मिग्रॅ एवढ्या तीनच मात्रा आधी करून पाहा.

टप्पा ८: प्रत्यक्ष दिवस

एकाच डिशमधून वेळोवेळी नमुना काढू नका. पाच वेळा ५-५ मिली काढलं की खोली १.५७ वरून १.१८ सेंमीवर येते आणि टप्पा ६ चा सगळा हिशेब कोसळतो. प्रत्येक डोसला वेगळी, नवी भरलेली डिश घ्या.

१. दिवा ३० मिनिटं तापवा, रेडिओमीटरचा मध्यबिंदू लिहा.
२. औषध घातलेलं सांडपाणी एका मोठ्या फ्लास्कमध्ये एकजीव करा. औषध न घातलेल्या सांडपाण्याचाही नमुना बाजूला ठेवा. शहरी सांडपाण्यात कार्बामाझेपिन आधीपासून असू शकतं.
३. १०० मिली डिशमध्ये घ्या, डिशचं वजन लिहा.
४. पेरॉक्साइड घाला, ३० सेकंद ढवळा, शून्य वेळेचा नमुना तशाच वेगळ्या डिशमधून घ्या.
५. शटर उघडा, घड्याळ सुरू करा.
६. वेळ संपताच शटर बंद. डिशचं पुन्हा वजन. तासभराच्या फेरीत पंखा सुरू असेल तर २ मिली पाणी सहज उडतं. तेवढी दुरुस्ती करा.
७. नमुना क्वेंच करून (उरलेलं पेरॉक्साइड मारून, टप्पा ९ पाहा) तपकिरी व्हायलमध्ये भरा. पीएच लिहा.
८. दर दोन डिशनंतर मध्यबिंदू पुन्हा मोजा. ५ टक्क्यांहून जास्त सरकला तर मधल्या फेऱ्या रद्द.

डोस चढत्या क्रमाने करू नका, चिठ्ठी टाकून क्रम ठरवा. दिवा दुपारपर्यंत मंदावला, तर चढत्या क्रमात ती घसरण निकालात लपून जाते.

सोबतच्या फेऱ्या, यातली एकही गाळू नका: पेरॉक्साइड आहे पण अंधार, प्रकाश आहे पण पेरॉक्साइड नाही, आणि शुद्ध पाण्यात दोन्ही. शेवटची फेरी मांडणी तपासण्यासाठी आहे, अहवालाच्या मुखपृष्ठासाठी नाही.

इशारा: नायलॉनच्या सिरिंज फिल्टरवर डायक्लोफेनॅक चिकटू शकतं. रिजनरेटेड सेल्युलोज किंवा पीटीएफई वापरा, पहिले २ मिली फेका आणि ज्ञात द्रावण गाळून नुकसान किती होतं ते एकदा मोजून ठेवा.

टप्पा ९: क्वेंच आणि मोजणी

उरलेलं पेरॉक्साइड मारायला सोडियम सल्फाइट (१० मिग्रॅ पेरॉक्साइडला किमान ३७ मिग्रॅ) किंवा कॅटालेज. एचपीएलसीसाठी दोन्ही चालतात. कॅटालेज प्रथिन आहे, त्यामुळे त्यानंतर टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) मोजला तर त्याचाच कार्बन मोजला जाईल. सल्फाइट जास्त झालं तर सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी) वाढतो. क्वेंच न करता सीओडी केला तर तिथेही घात: १ मिग्रॅ पेरॉक्साइड ०.४७ मिग्रॅ सीओडी दाखवतं. म्हणजे प्रक्रियेनंतर सीओडी वाढलेला दिसतो आणि कोणाला कारण सापडत नाही.

एचपीएलसीला सी-१८ कॉलम, ०.१ टक्के फॉर्मिक आम्लाचं पाणी आणि ॲसिटोनायट्राइल निम्मं-निम्मं धरून सुरुवात करा. कार्बामाझेपिन २८५, डायक्लोफेनॅक २७६ नॅनोमीटरवर. २०० मायक्रोग्रॅमपासून ९० टक्के घट झाली की २० उरतात आणि यूव्ही डिटेक्टर तिथे धापा टाकतो. १०० मायक्रोलिटर इंजेक्शन द्या, किंवा ते नमुने एलसी-एमएसला (रेणूंच्या वस्तुमानावरून मोजणाऱ्या जास्त संवेदनशील यंत्राला) पाठवा. मोजमर्यादेखालचा आकडा 'शून्य' म्हणून लिहू नका.

टप्पा १०: आकडे वाचणं

आडव्या अक्षावर डोस, उभ्या अक्षावर सुरुवातीच्या आणि उरलेल्या मात्रेच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम. वेळ नको, डोस. वेळेचा आलेख फक्त तुमच्या टेबलापुरता असतो.

उदाहरणाच्या पाण्यात ६०० मिज्यू आणि १० मिग्रॅ पेरॉक्साइडला कार्बामाझेपिन हिशेबाने सुमारे ४२ टक्के घटायला हवं. नुसत्या प्रकाशाने १-२ टक्केच. मघाचं १ मिग्रॅ नायट्राइट असेल तर १३-१४ टक्के. शुद्ध पाण्यात याच डोसला ते कागदावर जवळजवळ संपतं, कारण तिथे गिळणारे घटक सतरा पटींनी कमी आहेत. सुरुवातीच्या परिच्छेदातल्या ९९ टक्क्यांचं मूळ इथे आहे.

आता जोडीकडे पाहा:

- दोन्ही औषधं अपेक्षेपेक्षा कमी मोडली: प्रकाश कमी पडला. दिवा, ॲब्सॉर्बन्स, उंची तपासा.
- डायक्लोफेनॅक ठीक, कार्बामाझेपिन अडलं: रॅडिकल कुणीतरी खातंय किंवा पेरॉक्साइड शिळं आहे. नायट्राइट, मेथॅनॉल, २४० चा आकडा.
- नुसत्या प्रकाशात कार्बामाझेपिन १० टक्क्यांहून जास्त घटलं: फिल्टरने खाल्लं, किंवा दिव्यातून १८५ येतोय.
- अंधारातही घट: फिल्टर, काच, किंवा नमुन्यात राहिलेलं क्लोरीन.

टप्पा ११: औषध गेलं, तुकडे राहिले

पीक नाहीसा झाला याचा अर्थ रेणूत बदल झाला, एवढाच. कार्बामाझेपिनपासून ॲक्रिडिन तयार होतं. ते विषारी आहे. डायक्लोफेनॅकचं क्लोरीन सुटून कार्बाझोल वर्गातली संयुगं होतात. म्हणून क्रोमॅटोग्राम एकाच तरंगलांबीवर पाहून बंद करू नका. २२० ते ४०० पर्यंतचा सगळा पट्टा साठवा आणि मधल्या डोसना उगवून पुढे मावळणारे नवे पीक शोधा. सगळ्यात जास्त डोसलाही एखादा नवा पीक वाढतच असेल, तर डोस अपुरा आहे किंवा मागे जैविक वाळू-गाळणी किंवा सक्रिय कार्बन लागणार आहे.

इथे टीओसीचा आधार घेऊ नका. २०० मायक्रोग्रॅम कार्बामाझेपिनमध्ये कार्बन ०.१५ मिग्रॅ, पाण्यात एकूण ८. औषध पूर्ण कार्बन डायऑक्साइड झालं तरी तो फरक यंत्राच्या चढउतारात बुडेल. क्लोराइडचंही तसंच आहे.

डॅफ्निया (पाण्यातला बारीक कवचधारी जीव) किंवा चमकणाऱ्या जीवाणूंची विषारीपणाची चाचणी करणार असाल, तर कॅटालेजने क्वेंच करून पेरॉक्साइड उरलं नाही हे पट्टीने तपासूनच पुढे जा. नाहीतर जीव मरतात पेरॉक्साइडने आणि दोष जातो तुकड्यांवर. फक्त कॅटालेज घातलेल्या पाण्याची एक ब्लँक फेरी ठेवा.

टप्पा १२: बीमवरून रिॲक्टरकडे

बीममधून मिळालेला उतार, म्हणजे मिज्यूमागे किती घट, हा पाण्याचा गुण आहे, म्हणून तो पुढे नेता येतो. विजेचा खर्च मात्र बीमवरून काढू नका. तिथला बहुतेक प्रकाश काळ्या नळीत जिरतो. तो क्वार्ट्झ आवरणातल्या दिव्याच्या फिरत्या रिॲक्टरवर काढायचा: किलोवॅट × मिनिटं × १,००० भागिले (लिटर × ६० × घटीचा दशमान लॉग). ५ लिटर पाणी, बॅलास्टसह ४५ वॅट आणि ३० मिनिटांत ९० टक्के घट असेल, तर घनमीटरमागे ४.५ युनिट. भिंतीवरच्या सॉकेटला वॅटमीटर लावून मोजा, दिव्यावरचा छापील आकडा घेऊ नका. पेरॉक्साइडचा खर्च वेगळा लिहा.

कठीण पाण्यात किंवा लिटरला ०.३ मिग्रॅहून जास्त लोह असलेल्या पाण्यात क्वार्ट्झवर काही दिवसांत पांढरा किंवा तांबूस थर बसतो. बोटाने जाणवण्याआधीच तो प्रकाश अडवू लागतो. दर आठवड्याला आवरण काढून सायट्रिक आम्लाच्या ५ टक्के द्रावणात अर्धा तास बुडवा, शुद्ध पाण्याने धुवा, आणि धुण्याआधीचा व नंतरचा सेन्सरचा आकडा त्याच वहीत, त्याच दिवसाच्या निकालाशेजारी लिहा.